छातीवरची चौकट

उमरठ, ११ जानेवारी १९६२

— येसूवहिनीचा हात धरला, पण उशीर झाला होता. दादाच्या छातीवरची जांभळी चौकट तेलात विरघळून तिच्या बोटांवर आलेली.

"पाणी लावू नका म्हणाले व्हते डाक्टर, भाऊजी. पाणी कुठं लावलं? छाती भरलीय त्यांची, म्हणून तेल चोळलं."

खरंच की. तेलाचं कुणी सांगितलं नव्हतं!

मुंबईच्या इस्पितळात दादाच्या फुप्फुसातल्या गाठीवर तीन आठवडे किरण सोडले. त्या चौकटीच्या आतच सोडायचे. मग पंधरा दिवस विश्रांती, म्हणून गावी आला. सोमवारी परत बोलावलंय.

"गोदीतल्या अख्ख्या कामगारांत छातीवर नकाशावाला मी एकटा," दादा म्हणाला. "तोबी पुसला हिनं!" हसला, मग खोकत राहिला.

१२ जानेवारी

दादा म्हणतो, "तू काढ. मास्तर हायस ना? कळलं तर इस्पितळातनं नाव काढून टाकतील माझं."

शाळेची, ओली केली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावली. पुसट खुणांवरून पट्टीने चार रेषा काढल्या. सुरेख आल्या. नको इतक्या.

१३ जानेवारी

दादा श्वास घेतो तशी चौकट वर जाते, सोडला की खाली. मी कुठल्या श्वासात काढली?

१४ जानेवारी

संक्रांत. पोलादपूरच्या स्टँडवर वहिनीने दादाच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याच्या छातीकडे पाहिलं नाही.

मुंबई, १५ जानेवारी

यंत्रावरचा माणूस म्हणाला, "वा, छान टिकल्यात रेषा!" दादा टेबलावर आडवा झाला. तो माणूस दार लावायला निघाला —

"त्या मी काढल्यात," मी म्हणालो.

दादाने तोंड फिरवलं.

डॉक्टरबाई आल्या. रागावल्या नाहीत. दादाच्या उपचाराच्या कागदावरची मापं पाहून चौकट मोजली. एक्स-रेत रेषा दिसाव्यात म्हणून त्यांवर शिशाची तार चिकटवून फोटो काढला. तो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"तुमची चौकट कागदाशी बरोबर जुळते," म्हणाल्या. "कागदच चुकलाय. गाठीचा वरचा भाग बाहेर राहिला."

"म्हंजे तीन आठवडे भलतीकडंच?" दादाने विचारलं.

"सगळे वाया नाहीत गेले. पण वरचा भाग सुटला. खोटं नाही सांगणार. आता पुन्हा मोजून किरण देऊ."

पहिलं माप कोणी घेतलं, असं त्यांनी खोलीत विचारलं. यंत्रावरचा माणूस तार गुंडाळू लागला.

बाहेर आल्यावर दादाने माझा खांदा धरला. धरूनच चालला. "येसूला सांगू नको रे. गावभर तेल चोळत सुटंल!"

१६ जानेवारी

सकाळी सातला दादाच्या वॉर्डात किरण घेणाऱ्या अकराही जणांना रांगेत बसवलं. एकेकाच्या रेषांवर तार लावून फोटो काढले. दादा धरून चौघांच्या चौकटी चुकलेल्या निघाल्या. पुसायला डॉक्टरबाईंनी तेल मागवलं.