बाईंचा पॉज आणि मुकुंदचं प्रॉम्प्टिंग

२ मे, शनिवार
झालं, हो म्हणून बसले. सुलभाताईंनी इथल्या मराठी मंडळासाठी एकपात्री लिहिलंय: मिसेस ऑगस्टा, राणीच्या काळातली लंडनची गाजलेली नटी. पाऊण तास स्टेजवर मी एकटी. दिग्दर्शनही ताईंचंच, त्यामुळे नकार ऐकून घ्यायची पद्धत नाही. वीस वर्षांत स्टेजवर पाय ठेवला नाही, एवढंच सांगितलं. का, ते नाही. (कॉलेजच्या नाट्यस्पर्धेची अंतिम फेरी. दोन वाक्यं झाली, तिसरं आठवेना. पुढे सगळं कोरं.)
एकच अट घातली, विंगेत प्रॉम्प्टर हवा. मुकुंद तयार झाला. नवऱ्यावर एवढा विश्वास टाकायची पहिलीच वेळ!

५ मे, मंगळवार
ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पाठांतर. ऑगस्टाला आता मनात बाईच म्हणते. मेणबत्तीवाल्याची मुलगी, नवव्या वर्षी रंगमंचावर, पंचविशीत अख्खं लंडन पायाशी. मग घशाचं दुखणं, दोन वर्षं घरात. परतल्या तेव्हा आवाज बसलेला. दम घ्यायला वाक्यांमध्ये थांबायला लागल्या. लोक आधी हसले, नंतर त्या थांबण्यासाठीच तिकिटं काढायला लागले. शेवटच्या प्रयोगात इतक्या थांबल्या की पडदा पाडावा लागला. विसरल्या की अभिनय होता, कोणालाच कळलं नाही.
शेजारची चिनी आजी सरकून बसली. बहुतेक मी तोंडाने पुटपुटत होते, हातवाऱ्यांसकट.

१० मे, रविवार
बिशानला घरीच तालीम. कॉर्सेट म्हणून मुकुंदचा कंबरदुखीचा पट्टा. श्वास घेता येत नाही, पण ताठ दिसते.
पत्राचा प्रसंग. लंडनच्या थिएटरने बाईंना परत बोलावलंय. पत्र वाचून त्या गप्प. मनात बारा आकडे मोजायचे. मी चारवर, तोच पडद्याआडून मुकुंद गरजला, "येते म्हणून कळवा!"
इरा कॉटवरून ओरडली, "बाबा, शी इज ॲक्टिंग लाह!"
"मला काय माहीत? घरात तुझी आई इतका वेळ गप्प बसते का कधी?"
हसून हसून पट्ट्याचं वेल्क्रो सुटलं.

१६ मे, शनिवार
सेम्बावांगला, ताईंकडे. नवी खूण ठरवली: खरंच विसरले तर रुमाल पाडायचा. रुमाल आपोआप निसटला. मुकुंदने अख्खं पान वाचून काढलं, बाईंच्या आवाजात!
"मुकुंदराव, प्रयोग नक्की कोणाचा आहे?" ताई.
मग मला स्वयंपाकघरात नेलं. "तू थांबतेस तेव्हा तुझे कान विंगेकडे असतात. तो पॉज नाही, वाट बघणं आहे. प्रॉम्प्टर काढ."
रडूच आलं. कॉलेजचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, जवळ घेतील.
"तेव्हा काय केलंस? उभी राहिलीस?"
पळाले होते. थेट हॉस्टेलवर.
"मग या वेळी उभी राहा," म्हणाल्या, आणि चहा ठेवला. राग आला. अजून आहे.

२१ मे, गुरुवार
हॉल बघून आलो. नटराजासमोर नारळ फोडायचा म्हटल्यावर तिथल्या रखवालदार अंकलचा चेहरा पडला. "हिअर कॅनॉट. फ्लोअर न्यू. आऊटसाइड कॅन." ताईंनी लगेच बाहेरची पायरी हेरून ठेवली.
प्रॉम्प्टरचं मुकुंदला अजून बोलले नाही. तो मात्र पिवळ्या पेनने संहिता रंगवत बसलाय. कसं सांगू?

२४ मे, रविवार
प्रयोग चारला. ग्रीन रूममध्ये लिहितेय. पट्टा घट्ट. नारळ पायरीवर एका फटक्यात फुटला, अंकलनीही खोबरं खाल्लं.
सांगायला तोंड उघडलं, तर मुकुंदनेच पिवळी संहिता माझ्या हातात ठेवली. "ताई बोलल्या. मी तिसऱ्या रांगेत बसतो, इराशेजारी."
"आणि विसरले तर?"
"तर थांब. लोकांना वाटेल, बाई आहेत."
भीती वाटतेय आणि हसूही येतंय, दोन्ही एकदम. कोणावर तरी ओरडायचंय, पण तो गेलासुद्धा. रुमालही घेऊन गेला, गाढव.
दुसरी घंटा झाली. विंगेत कोणी नाही, नुसती रिकामी खुर्ची.
पहिलं वाक्य आठवतंय. दुसरंही. तिसरं तिथे उभी राहून बघते.