घंटा वाजवणाऱ्या मावय्यांना

आदरणीय सुंदररामय्या मावय्या यांना, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कागदावरच डोकं टेकणाऱ्या तुमच्या भाचीचा, वाग्देवीचा, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? अत्तय्यांचा खोकला गेला का? काकीनाड्याच्या खाऱ्या हवेने तो जात नाही असं अम्मा म्हणते. (अम्मा तुमची सख्खी बहीण असल्यामुळे तुमच्या घरातल्या सगळ्या दुखण्यांचं खापर ती हवेवर फोडते, अत्तय्यांवर नाही, ही तिची कृपा समजा.) इकडे सगळे मजेत. अम्मा मजेत. नान्ना मजेत. गौरी म्हैस रुसली आहे, त्याचं पुढे येईलच. तुमचा थोरला भाचा अन्नय्याही मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

माझं पत्र भरकटेल, ते पोटात घाला. आपल्या घरात मला लहानपणापासून एकच काम शिकवलं आहे. अन्नय्या भरसभेत अवधानाला बसला की आठ जण आठ बाजूंनी त्याला छळतात: एक जण श्लोकाची शेवटची ओळ टाकतो, एक जण अमुक अक्षर वापरायचं नाही म्हणतो, तुम्ही मध्येच कधीही घंटा वाजवता, आणि मी अप्रस्तुत बोलते. तो पद्य जुळवत असताना "कोथिंबीर महाग झाली, तुम्ही लग्न कधी करणार" असलं काहीतरी बोलून त्याचं लक्ष उडवायचं, एवढंच माझं शास्त्र. आता बारावीच्या पेपरातही माझ्याकडून तसंच लिहिलं जातं.

उगादीच्या दिवशीचं तुम्ही विसरला नसाल. देवळाचा मंडप भरलेला, अन्नय्याने सगळी पद्यं पुरी केली, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे घंटा किती वेळा वाजली ते सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "नाही रे बाबा, इतक्या नाही वाजवल्या." तुम्ही खरा आकडा सांगणार, तेवढ्यात नान्नांनी माइक ओढला आणि म्हणाले की आमचे मेहुणे जन्मभर पोस्टात होते, तिथेही त्यांच्या शिक्क्यांचा हिशेब कधी लागला नाही. मंडप हसला. पोरगं चुकणार नाही, घंटावालाच चुकला, असं सगळ्यांनी धरून चाललं. तुम्ही घंटा पिशवीत घातलीत आणि पुळिहोराच्या भाताचं पानसुद्धा न घेता बस पकडलीत. पुळिहोरा त्या दिवशी खारट झाला होता, तेव्हा त्या बाबतीत तुमचं फारसं नुकसान नाही. बाकीच्या बाबतीत झालं, आणि आमचं तर फारच झालं.

कारण मावय्या, घंटा थांबलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना अन्नय्याने हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, कोण वाजवतंय? नान्ना पूजेला बसले होते, त्यांनी घंटा खाली ठेवली. तरी वाजतेच आहे म्हणाला. तेव्हापासून आमच्याकडे घंटानिर्मूलनाची मोहीम सुरू आहे. देवघरातली घंटा तांदळाच्या डब्यात गेली. (नान्ना आता आरतीच्या वेळी चुटक्या वाजवतात. देव उठतात की नाही माहीत नाही, मांजर मात्र येतं.) गौरीच्या गळ्यातली काढली, म्हणून तिने दूध आखडलं. माझ्या पैंजणांचे घुंगरू अम्माने कात्रीने कापले, आणि कापताना ती रडत होती, ते पैंजणांसाठी नव्हतं. बर्फाचे गोळे विकणारा नूकराजू आमच्या गल्लीतून सायकलची घंटा हातात घट्ट धरून जातो आणि चोरटा माल विकावा तसा दबक्या आवाजात "गोळा, गोळा" म्हणतो. देवळातल्या पुजाऱ्यांची, आचार्युलूंची, मुलं नान्नांच्या हाताखाली तेलुगु शिकलेली, त्यामुळे त्यांनीही भिडेपोटी देवळातल्या घंटेच्या लोलकाला फडकं बांधलं. लोक दोरी ओढतात, भद्द असा आवाज येतो, आणि ते देवाकडे संशयाने बघत पुढे सरकतात.

एवढं झाल्यावर एका दुपारी घर इतकं गप्प झालं की कालव्याचं पाणी ऐकू येत होतं. आम्ही तिघं अन्नय्याच्या तोंडाकडे बघत बसलो. तो म्हणाला, आता जास्त स्पष्ट येतेय.

नान्नांचं म्हणणं, ही वाग्देवीची कृपा आहे. (देवीची, माझी नव्हे.) आपल्याला ऐकू येत नाही ते कवीला येतं. त्यांनी राजमहेंद्रीचं मोठं अवधान स्वीकारून टाकलं आहे, निमंत्रणंही वाटली. अम्मा मिरच्या ओवाळून टाकते. आणि अन्नय्या झोपत नाही, मावय्या. जेवत नाही, आंघोळीला लोटावं लागतं, आणि बसल्या बसल्या बोटांची पेरं मोजतो. एक जरी चुकली तर काहीतरी वाईट होईल म्हणतो. काय होईल ते सांगत नाही. मला भीती वाटते. हे मी आतापर्यंत कुणाला म्हटलेलं नाही.

त्याच्याशी साधं बोललं तर तो उत्तर देत नाही. म्हणून मी त्याला शेवटच्या ओळी टाकते. सवय जात नाही ना, ओळ पडली की तो ती पुरी करतो. परवा मी टाकली, "आणि बसली म्हैस चिंचेवरी." तो म्हणाला:

वाळत घातली चिंच अम्माने अंगणी,
दावे सैल बांधिले, ते न पाहिले कुणी,
सावली शोधित गौरी ये हळूच सामोरी,
आणि बसली म्हैस चिंचेवरी.

मी इतकी हसले की तोही हसला. मग हावरटपणा केला आणि लगेच दुसरी टाकली: "घरात घंटा नाही एकही." वाटलं, स्वतःच्या तोंडाने म्हणाला तर पटेल त्याला. त्याने ही अशी पुरी केली:

देवाची लपविली, गौरीची काढिली,
तुझ्या पैंजणांची बोलती बंद केली,
सांग चेल्ली, मग कोणती वाजते ही?
घरात घंटा नाही एकही.

यावर मला कोथिंबीरसुद्धा आठवली नाही.

काल नान्ना पायरीवर एकटेच कान देऊन बसले होते. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, तुला येतो का गं आवाज? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, वारा उलटा आहे म्हणून असेल. एवढं म्हणाले आणि उपरण्याने चष्मा पुसत राहिले.

असो. कैऱ्या उतरवायला आल्या आहेत. अत्तय्यांना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमची,
वाग्देवी

ता. क. आवकाय लोणचं घालायचं आहे आणि अम्माला मोहरीचं प्रमाण आठवत नाही, म्हणून तुम्ही दोघांनी लगेच यावं. (अम्माला प्रमाण झोपेतही आठवतं. नान्नांना हेच कारण सांगितलं आहे, तुम्हीही हेच सांगा.)

ता. क. दुसरा. मोहरी राहू द्या. तुम्ही बरोबर मोजलं होतंत, हे नान्नांसमोर येऊन सांगा. अपमानाची माफी मी त्यांच्या वतीने पाया पडून मागते. तुम्ही चुकला होतात असं जोवर ते धरून बसलेत, तोवर अन्नय्या आजारी नाही. तुम्ही बरोबर होतात असं एकदा त्यांनी मानलं की तो आजारी आहे, आणि आजारी माणसाला डॉक्टरकडे नेता येतं. तुमच्या गल्लीच्या टोकाला मनाच्या डॉक्टरांची पाटी आहे, मी पाहिली आहे. राजमहेंद्रीच्या आधी या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना अन्नय्याने पत्र हातातून घेतलं आणि सगळं वाचलं. मला वाटलं फाडणार. तो म्हणाला, फार अप्रस्तुत लिहितेस, मोहरी आणि मांजर काढून टाक, आणि माझी एक ओळ घाल. घालते, त्याच्याच शब्दांत: "मावय्या, त्या दिवशी तुम्ही खरोखर किती वाजवल्यात ते मला सांगा. उरलेल्या माझ्या आहेत, त्या घेऊन मी डॉक्टरकडे येतो."