पाटावरची हत्यारं

१८ सप्टें., गुरुवार
पाऊस. मेंढ्या कोंडलेल्या. पोरगा दत्ता टिप्परवर निघाला तो कमरेला पिस्तूल लावूनच. परळीच्या वीजकेंद्राची राख वाहायची, तिला पिस्तूल कशाला? विचारलं. म्हणाला, "किसन्याकडं हाय म्हणून." पलीकडच्या वस्तीवर जाऊन किसनला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं. राखेच्या धंद्यात दोघं भागीदार होते तोवर एका ताटात जेवायचे. किसनचा बाप रामभाऊ आणि मी, आमच्या मेंढ्या जन्मभर एका कळपात चरल्या.
छातीत धडधड. गोळी घेतली का ते आठवत नाही. दुसरी घ्यायची भीती वाटते.

२१ सप्टें., रविवार
रोहिणी आली. पोरीची पोर. पुण्यात जगातल्या हत्यारांच्या व्यापारावर अभ्यास करते. कोणता देश कुणाला विकतो, कोण कुणाच्या भीतीनं घेतो. मला सगळं कळत नाही. सहावीत शाळा सुटलेला माणूस.
दत्तानं गोळ्या काढून पिस्तूल तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "मामा, एकाला विकलं की शेजारी आपोआप दुकानात येतो. देशांचंही तसंच चालतं."
"मग किसन्याला सांग आधी ठिवायला. मी लगीच ठिवतो."
"देशही हेच म्हणतात."
सून सुनीता हसली. मला हसू आलं नाही. पोरीच्या हातात ते लई जड दिसत होतं.

२४ सप्टें.
दत्ताच्या माणसांनी किसनचा ड्रायव्हर धरला. उघडा करून पट्ट्यानं मारला. व्हिडिओ गावभर. पाठ सोललेली, हात जोडतोय, तोंडातून रक्त. मागं हसणारा आवाज दत्ताचा. बाप आहे, ओळखणारच.
भाकरी तशीच कुत्र्याला घातली.

२८ सप्टें.
निवडणूक येणार म्हणून वरून हुकूम, परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा. दत्तानं केलं नाही, किसननंही नाही. दोघांच्या डोक्यावर एकेका पुढाऱ्याचा हात.
रोहिणीचा फोन. "आबा, एक दिवस तरी दोघांची खाली ठेवता आली तर." तेव्हाच डोक्यात आलं. खंडेनवमी! पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून झाल्याशिवाय पाटावरून कुणी उचलत नाही. आमच्यात नाही, त्यांच्यातही नाही.
रामभाऊला फोन लावला. म्हणाला, "तुझा ठिवतो का?"
"ठिवतो."
"मग माझाबी."
बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

३ ऑक्टो., शुक्रवार
परवाचं आज लिहितो.
नवमीला पाटावर कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कातर आणि दत्ताचं पिस्तूल मांडलं. हळदकुंकू, झेंडूचं फूल. दत्ता माझ्या शब्दाखातर ठेवायला तयार झाला. दुपारी अंगणात बाजेवर बसला होता. जीप आली. किसन आणि चौघं. हातात लोखंडी पाइप.
मी आडवा गेलो. "किसन, आज नवमी हाय रं. हत्यार उचललंस?"
किसन म्हणाला, "म्हातारबा, आमची हत्यारं पाटावरच हायती. ह्यो नुसता पाइप हाय. काल आणलाय, पुजलाबी न्हाई."
मला ढकलून दिलं. दत्ताच्या नडग्यांवर पहिला घाव. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज. मग हात, मग पुन्हा पाय. "ड्रायव्हरला का म्हणून हसलास? आता हास की बे!" असं किसन दर घावाला म्हणत होता.
सुनीता पिस्तुलाकडं धावली. मी तिचं मनगट धरलं. "पाटावरचं उचलू नको." धरूनच ठेवलं. तोवर ते मारत होते.

४ ऑक्टो.
दत्ताला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलंय. दोन्ही पायांत सळया घालणार. डावा हात गेल्यातच जमा.
रोहिणी म्हणते, "देशांच्या करारातही असंच होतं आबा. त्यात ज्या हत्याराचं नाव नसतं ते बाहेर काढतात." पोरगी रडत होती. तिला काय बोलणार, शब्द मी घेतला होता.

७ ऑक्टो.
पाइपवाले चौघं आत. किसन जामिनावर बाहेर. पुढारी.
दत्ता हळू आवाजात म्हणाला, "आबा, जेवणाच्या डब्यात घालून आणा. उजवा हात चालतोय माझा." कुणीतरी त्याला सांगितलंय की किसन दवाखान्यात येणार आहे. खरं असेल तर? डबा भाकरीचाच नेला. त्यानं झाकण उघडलं आणि तोंड भिंतीकडं केलं.
पिस्तूल लोकरीच्या पोत्यात आहे. मी ठेवलंय. सुनीता ताट सरकवून निघून जाते.

१० ऑक्टो.
पोलीस येऊन गेला. "परवाना दत्ताचा. पिस्तूल कुठाय? आबा, तुमी बाळगलं तरी गुन्हाच हाय."
"त्यालाच ठाव."
खोटं बोललो. पोत्याकडं बघू नये म्हणून छपराकडं बघत राहिलो.

१२ ऑक्टो., रविवार
रामभाऊ बांधावर येऊन उभा. आत आला नाही. मीही बोलावलं नाही. सुनीतानं दगड उचलला होता, मी आडवा आलो.
म्हणाला, "किसनचं मी लपिवलंय. त्यो घर उलथापालथं करतोय. दत्ता परत आला की मरायचं कुणीतरी. दोघं मिळून ठाण्यात जाऊ. तुझं अन् माझं, एकदम."
"मागच्या बारीला बी तू शब्द दिलतास."
"दिलता. पिस्तूल पाटावरच हुतं की."
"त्ये खरं."
"पाइपाचं मला ठाव नव्हतं, आईची आण."
त्याच्या आईच्या मयताला खांदा मीच दिला होता. विश्वास ठेवू का? तो रडला, पण रडण्यानं काही कळत नाही. उद्या सकाळी फाट्यावर यायचं ठरलं.

१३ ऑक्टो., सोमवार
फाट्यावर बसून लिहितोय. पिस्तूल धोतराच्या फडक्यात, पिशवीत, वर भाजी. सुनीताला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतं. दत्ताला उद्या घरी आणणार आहेत. आल्या आल्या तो सुनीताला घर उपसायला लावणार.
मी जमा करून आलो आणि रामभाऊची पिशवी रिकामी निघाली, तर माझं पोरगं बाजेवर, पाय मोडलेलं, आणि किसनच्या हातात पिस्तूल.
राखेचे टिप्पर जातात, तोंडावर धूळ. फडक्यात हात घालून दोनदा पाहिलं. थंड आहे.
रामभाऊ वळणावर दिसतोय. एकटाच. हातात पिशवी, पण ती हलकी का जड ते इथून कळत नाही. मी उठून उभा राहिलो तसा तोही जागीच थांबला. माझ्या पिशवीकडं बघतोय.