तुझ्या वह्या मी ओहायोला दिल्या

प्रिय श्री,

काल युनिव्हर्सिटीने ब्रॅनिगनला काढून टाकलं. त्यात माझा हात आहे. तू असतास तर मला हे करू दिलं नसतंस, म्हणून तुलाच सगळ्यांत आधी सांगतेय.

आठवतं? ऐंशी साली आपण पेनसिल्व्हेनियात आलो, तू स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायला. डिपार्टमेंटमधल्या मित्राने तुला इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला ओढून नेलं आणि घरी येऊन तू ओरडलास, "सुधा, ही तर हेल्मेट घातलेली कबड्डी आहे!" नागपूरला तू कबड्डी खेळलेला, समोरच्याला कसं धरायचं ते अंगातच होतं. मग प्रत्येक मॅच पाहून कागदावर मांडत बसायचास, समोरची टीम कधी पळते, कधी बॉल फेकते. तो कागद घेऊन तू हेड कोच ब्रॅनिगनच्या ऑफिसात गेलास. तो आधी हसला. मग कागद ठेवून घेतला.

आधी फुकट काम, बंद खोलीत प्रोजेक्टरवर मॅचच्या फिल्म बघायच्या. मग ग्रॅज्युएट असिस्टंट. मग पीएचडीच सोडलीस आणि पूर्णवेळ असिस्टंट कोच झालास. किती भांडले मी! गणपतीला सगळे आपापला पदार्थ घेऊन जमलो होतो, तिथे कुलकर्णी काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, कोच म्हणजे शाळेतला पीटीचा मास्तरच ना?" तू हसून आणखी श्रीखंड वाढून घेतलंस. मी गाडीत घरी येईपर्यंत रडले.

पुढे मलाच तुझा अभिमान वाटायला लागला. ती धिप्पाड पोरं तुला 'कोच श्री' म्हणायची. तू मैदानात गुडघ्यांवर बसून त्यांना पाय कसा धरायचा ते दाखवायचास!

पण एक गोष्ट तू माझ्यापासून दोन वर्षं लपवलीस. नवीन खेळाडू निवडायला तुम्ही गावोगाव जायचात, तेव्हा त्यांच्या घरी ब्रॅनिगन एकटाच आत जायचा. "आईबापांना तुझं इंग्लिश कळणार नाही, श्री." आणि तू बाहेर बर्फात, गाडीत बसून! का नाही सांगितलंस? मी काय केलं असतं याची भीती वाटली?

तुला डिफेन्सचा प्रमुख करायचं त्याने कबूल केलं होतं. "नेक्स्ट इयर, श्री." तीन वर्षं हेच. चौथ्या वर्षी ती जागा त्याच्या जावयाला दिली, आणि तू त्या जावयाला शिकवत बसलास! इतकं चांगलं असू नये रे माणसाने.

मग ओहायोतल्या एका कॉलेजात तू इंटरव्ह्यू दिलास. नकार आला. ऑगस्टमध्ये प्रॅक्टिसला भर उन्हात मैदानावर कोसळलास, तो उठलाच नाहीस. शोकसभेत ब्रॅनिगन म्हणाला, "आकड्यांत फार हुशार होता." कोच हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

तरी मी गप्प बसले असते. पण ओहायोचे हेड कोच, मिस्टर डॉसन, यांचा सांत्वनाचा फोन आला. मी सरळ विचारलं, "तुम्ही श्रीला का घेतलं नाही?"  ते म्हणाले, "मॅम, ब्रॅनिगनने सांगितलं होतं की पोरं त्याचं ऐकत नाहीत."

पोरं तुझं ऐकत नाहीत! फोन ठेवला आणि तुझ्या खेळाच्या वह्या कपाटातून बाहेर काढल्या.

दुसऱ्या आठवड्यात ब्रॅनिगन दारात. 'ध' त्याला कधी जमलाच नाही. "सुडा, श्रीच्या वह्या टीमच्या मालकीच्या आहेत." त्या दिवशी ते नाव मला शोभलं. मी एक वही उघडून दाखवली. सगळं मराठीत! कोचच्या कुठल्या खुणेला पोरांनी कुठे धावायचं, कुठल्या टीमला काय खोड आहे, सगळं. तो नुसती पानं उलटत राहिला. "इंग्लिश करून देशील?"

"देईन की," मी म्हणाले. चहासुद्धा दिला त्याला.

पहिला विचार आला तो डाव्याचं उजवं करून द्यायचा. पण पोरं चुकीच्या जागी धावली असती, कुणाची मान मोडली असती. ते नाही केलं. ब्रॅनिगनला 'चालू आहे, चालू आहे' म्हणत झुलवलं आणि हॉस्पिटलमधल्या नोकरीवरून आले की टाइपरायटरवर बसून डॉसनसाठी इंग्लिश केलं. अगदी बरोबर. पहिल्या पानावर तुझं नाव, त्याच्या आधी 'कोच'. डॉसननी विचारलं, "नक्की द्यायचंय?" मी म्हणाले, "ब्रॅनिगन अजून याच खुणा वापरतो. त्याला दुसऱ्या येत नाहीत." त्यांनी कागद घेतले. तेही शेवटी कोचच!

सीझनच्या शेवटच्या मॅचला ओहायोची टीम इथे आली. प्रत्येक खूण त्यांना आधीच कळत होती. हाफ टाइमला आपलेच लोक ब्रॅनिगनच्या नावाने ओरडायला लागले. मला आनंद झाला, श्री. खोटं कशाला बोलू? मॅच दणकून हरल्यावर मी मुद्दाम कठड्याशी जाऊन उभी राहिले. तो समोर आला तेव्हा म्हणाले, "वह्यांचं इंग्लिश झालं. आत्ता मैदानावर वाचून दाखवलं ना तुम्हाला!"

त्याला समजायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ मी तिथून हलले नाही.

मग केव्हिन दिसला. तुझा लाडका केव्हिन, त्याची कॉलेजची ही शेवटची मॅच. हेल्मेट मांडीवर घेऊन गवतावर बसला होता. मला पाहून म्हणाला, "मॅम, कोच श्रींना आज मी तोंड दाखवू शकलो नसतो." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून आले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

ब्रॅनिगनला मी माफ करणार नाही. तो कुठेही अर्ज करू दे, मला कुणी विचारलं तर सगळं सांगेन, बर्फातल्या गाडीसकट. पण रविवारी केव्हिनला जेवायला बोलावलंय. त्याला सांगेन, "तुला हरवलं ते तुझ्याच कोच श्रींनी, आणि त्यांच्या खुणांचे कागद ओहायोला पाठवले मी." मग तो ताटावरून उठून गेला तरी त्याला अडवणार नाही. हे वचन.

तुझीच,
सुधा