हौसाबाईची चूल

मुक्काम समुद्र (मालवणच्या पश्चिमेला, जमीन दिसत नाही),
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार तुला, भावोजींना आणि दुकानात गुळाच्या ढेपेवर झोपणाऱ्या त्या बोक्यालाही.

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि टाळतोय. फोनवर मी एक सांगता सांगता दुसऱ्यातच घुसतो, म्हणून तूच म्हणालीस, लिहून पाठव. पण लिहायला बसलो की डॉल्फिन येतात. खरंच येतात! आत्ताही आले होते, अर्धा तास त्यातच गेला.

तुला वाटत असेल, आरोंद्याचं इंजिनदुरुस्तीचं काम सोडलं, तोंडवलीत पर्यटकांना फिरवायचं सोडलं, फोंडाघाटात तुझ्याकडे गूळ तोलायचंही सोडलं, तसं हेही सोडलं असेल. नाही सोडलं. दुसरा हंगाम चालू आहे.

काम काय, ते नीट सांगतो. तेल शोधणारं एक मोठं जहाज आहे. त्याच्या मागे मैलोन्मैल लांब केबली पाण्यात ओढल्या जातात, त्यांना जागोजागी कान लावलेत असं समज. जहाज दाबलेल्या हवेचा बार काढतं, आवाज समुद्राचा तळ फोडून खाली खडकात जातो आणि परत येतो. त्यावरून खालच्या खडकाचं चित्र करतात. जहाजावरच्या किशोरी मॅडम भूगर्भवाल्या. त्या म्हणाल्या, खाली चुनखडीचा दगड आहे, शिंपल्या-पोवळ्यांचा थर बसून झालेला. तो सगळीकडे सारखा नसतो. कुठे लादीसारखा घट्ट, कुठे भोकाभोकांचा. तेल असलंच तर त्या भोकांत. मी म्हटलं, मॅडम, आमच्या जांभ्या दगडासारखं! आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आणि कुंपणापलीकडे बाबलीच्या विहिरीत नुसता कातळ. त्या हसल्या नाहीत. "अगदी तेच," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी नव्या पोरांना समजावताना माझी विहीर सांगितली. वर हेही सांगितलं, की चित्रात तेल दिसत नाही, भोकं कुठे असतील ते दिसतं. बाकीचं खोदल्यावर.

माझं काम मात्र तोंडाचं. मी जहाजापुढे चालणाऱ्या राखणीच्या होडीवर असतो. वायरलेसवरून मच्छीमारांना मालवणीत सांगायचं, केबली येतायत, जाळी उचला. आधी या कामावर लांबचा कोणी होता. होडीवाले जाळ्यांचा जो ठिकाणा सांगतील तो खरा मानायचा बिचारा. एकदा केबल जाळ्यांत गेली, केबलही तुटली आणि जाळ्यांच्या चिंध्या झाल्या. आपल्याकडे चांगल्या मासळीची जागा वायरलेसवर कोण खरी सांगतो? सगळा किनारा कान लावून बसलेला असतो!

आता मुद्द्यावर येतो. (डॉल्फिन गेले.)

परवा सकाळी आमच्या वाटेत एक होडी दिसली. मी विचारलं, "तांडेलानूं, जाळी खंय आसत तुमची?"

खरखरीतून उत्तर आलं, "दक्षिणेक. धा मैलार."

ताई, आवाज बाबांचा होता.

मी या कामाला लागलो तेव्हा ते म्हणाले होते, "माशे पळवणाऱ्यांची भाकरी खातंस?" तेव्हापासून बोलणं बंद. परवाही त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना ओळखलं आणि दोघंही परक्यासारखे बोललो.

जाळी दक्षिणेला नव्हती. तुलाही माहीत आहे ती कुठे असणार. तळाला चुलीसारखे तीन खडक, इसवण मासळी तिथे कधी चुकत नाही. म्हणून बाबांनी त्या जागेला आयेच्या चुलीचं नाव दिलं. घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही. आणि जहाजाच्या वाटेची रेघ बरोबर तिथून जाणार होती.

वायरलेसवर खरं बोललो तर चूल उद्या सगळ्या किनाऱ्याची. गप्प बसलो तर बाबांची जाळी गेली, केबल गेली आणि माझी नोकरीही.

जहाजाशी बोलायला आमच्याकडे वेगळा फोन आहे, होड्यांना तो ऐकू येत नाही. मॅडमना खरी जागा सांगितली. म्हटलं, एवढी एक रेघ सोडा.

"सरळ थराचा दगड असता तर सोडली असती," त्या म्हणाल्या. "या चुनखडीत शेजारच्या रेघेवरून अंदाज बांधता येत नाही, प्रीतम. तिथे चित्रात भोक राहील. पण ते तर दक्षिण म्हणतायत. तुला कसं माहीत?"

"माहीत आहे, मॅडम. नकाशावर जागेला नाव तेवढं घालू नका."

त्यांनी आणखी विचारलं नाही. "आधी पश्चिमेकडच्या रेघा घेते. परवा सकाळी तिथे येईन. तोपर्यंत बघ."

मी पुन्हा वायरलेस घेतला. "तांडेलानूं, परवा सकाळपर्यंत हौसाबाईची चूल इझवा. मगे परत पेटवा."

आमची होडी चालवणारा तांडेल गंगाराम माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, कोणाची चूल? मेल्या, ऊन लागलां काय तुका?" दुसऱ्या कुठल्या तरी होडीवरून हसण्याचा आवाज आला. मग बाबांचा एकच शब्द.

"बरां."

आज सकाळी जहाज चुलीवरून गेलं. जाळ्याचा एकही तरंगता बोया पाण्यात नव्हता. आठ किलोमीटरची केबल, सरळ, चुलीच्या डोक्यावरून! मी होडीच्या काठाला उभा राहून बघत होतो, ताई, आणि कोणाला काही सांगू शकत नव्हतो. मॅडमचा फोन आला, "रेघ स्वच्छ मिळाली." गंगारामच्या पाठीत मी अशी थाप मारली की त्याचा चहा सांडला. जन्मात एवढी छाती फुगली नव्हती. माझ्यामुळे फुगली की त्या एका "बरां"मुळे, ते तू ठरव.

आयेला यातलं काही सांगू नकोस, ती दोघांनाही

ताई, मध्येच सोडलं होतं. गंगाराम ओरडला, "पोरा, भायर ये, तुजो बापूस इलो!" मला वाटलं थट्टा करतोय. बघतो तर बाबांची होडी आमच्या कुशीला लागलेली. बाबा उभे. हातात ही एवढी इसवण, म्हणजे चूल परत पेटली. माझ्याकडे न बघता गंगारामला विचारतायत, "ता तुमचां जहाज खालच्या फातराचो फोटो काढता म्हणतत. आमच्या जाग्याचो बघूक मिळतलो काय?"

गंगाराम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्येका इचार. ह्येकाच कळता."

जातो. त्यांना जांभ्यापासून सांगावं लागेल.

हौसाबाईचा, आणि खाली उभ्या असलेल्या त्या तांडेलाचा मुलगा,
प्रीतम