दोन डावे कान

संग्रामपूर,
ता. २१ जानेवारी १९६४

ती. सहदेवदादांच्या चरणी जानरावाचा नमस्कार.

नागपूरच्या थंडीत तुमचा दमा कसा आहे? इकडे सगळ्यांची तब्येत ठीक. तुमच्या बहिणीचा आवाज तर अगदीच ठीक.

सध्या आमच्या घरी एक रोमन बादशहा उतरला आहे, तुकड्यातुकड्यांनी. झाले असे, की शकूर मिस्त्री पलीकडच्या गावात कुणा गोऱ्या साहेबाचा जुना बंगला पाडत होते. कोठीत ‘रोम’ लिहिलेली पेटी निघाली, आत संगमरवराचे तीन तुकडे. मी शाळेत चित्रकला शिकवतो म्हणून त्यांनी मला बोलावले (आठ वर्षांत चित्रकलेसाठी कोणी बोलावल्याचा हा पहिलाच प्रसंग). पाहतो तर दीड वीत लांबीचा कान. मनाशी माप धरले, असा कान असणारा पुतळा वीस हात उंच असणार. पोत्यात गुंडाळून तो एसटीने आणला. कंडक्टरने विचारले, “मास्तर, पोत्यात काय हाय?” मी म्हटले, “कान.” तर तो माझ्या कानाशी वाकून तेच पुन्हा ओरडून विचारू लागला.

उरलेले दोन तुकडे शकूरभाईंनी बैलगाडीने पोचवले: दुसरा कान आणि खळी पडलेली हनुवटी. शाळेतल्या पुस्तकात सहा रोमन बादशहांची चित्रे आहेत. पाच जणांना दाढी, त्यांची खळी कुठून दिसणार? म्हणून उरला तो ऑगस्टस. बादशहा गावाला दाखवायला सरपंचांनी येत्या सोमवारी सभा ठेवली, नावाची पाटीही रंगवून झाली. आणि गेल्या शनिवारी, दोन्ही कान शेजारी ठेवून चित्र काढताना, माझ्या तीक्ष्ण नजरेला दिसले की दोन्ही कान डावे आहेत. म्हणजे बादशहा दोन आणि हनुवटी एक. ती कोणाची, या काळजीत तीन दिवस जेवतानाही मी पुस्तकातली चित्रे चाळतो आहे.

आपला,
जानराव

ता. क. तुम्ही नागपूरच्या संग्रहालयात आहात (तिथे दारावर तिकिटे फाडता, हे इथे कोणाला माहीत नाही). सोमवारी या आणि चार लोकांत ‘मास्तर म्हणतात ते बरोबर आहे’ एवढेच म्हणा. कोट घालून या.

आणखी ता. क. दादा, मी आशा लिहून राह्यली. पत्र पेटीत टाकाले मलेच देल्लं, म्हणून वाचलं. दोन्ही कान डावे हायेत हे मी सांगतलं, भाकरी थापता थापता. अन् हे ज्याले हनुवटी म्हणून राह्यले, ते टाच हाय. खळी नाही, भेग हाय ते. जन्मभर दगडावर टाचा घासल्या, मले टाच समजत नाही काय? पण त्यायले सांगतलं नाही. आठ वर्षांत पयल्यांदा हा माणूस शाळेतून शीळ घालत घरी येऊन राह्यला. तू ये. सभेत हाव म्हण. टाचेचं त्यायले मी मंगळवारी सांगन.