नानांचा डोळा आणि स्पितीचं काम

शुक्रवार, संध्याकाळ. इंदिरानगर

हिमाचलात स्पितीला येते, असं आत्ताच शूटवाल्या लोकांना कळवलं. पण मन अजून घोटीतच आहे, नानांपाशी.

नोकरी सोडून कॅमेरा घेतल्यापासून लग्नं, बारशी, द्राक्षबागा, मिळेल ते शूट केलं. डोंगरातलं काम पहिल्यांदाच आलं, आणि नेमकं वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. आई गेल्यापासून त्यांचं सगळं मीच बघते, म्हणून नकारच द्यायचं ठरवलं होतं. दुपारी घोटीला गेले तेव्हा नानांपाशी या कामाचं सहज बोलून गेले.

नानांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. "दवाखान्याला लाव. मला आकडे दिसत नाहीत."

लागल्यावर तिथल्या बाईंना म्हणाले, "मुलगी कामाला बाहेर चाललीय. ती आल्यानंतरची तारीख द्या."

"नाना, असं कशाला?"

"अगं, मोतीबिंदू आहे, हार्ट अटॅक नाही. थांबेल तो."

फोन मीच लावून दिला, हे राहून राहून मनात येतंय. आपण स्वार्थी झालोय का? की मी जावं असं त्यांनाच मनापासून वाटत होतं? फोन ठेवल्यावर माझ्यापेक्षा तेच जास्त खुशीत होते. थंडी किती असेल, कुठले कपडे नेशील, विचारत बसले.

स्टँडवर सोडायला आले. बस सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणाले, "रोज एक तरी फोटो पाठव. आत्ता धूसर दिसेल, चालेल. ऑपरेशन झालं की सगळे पुन्हा बघीन."